ग्रंथपालांना विचारा : पडद्यावरचं पुस्तक कोणाचं?

ताई, सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. जन्मभर वाचनालयाची पुस्तकं वाचली. आता डोळ्यांच्या पडद्याची झीज झालीय, छापील अक्षर लागत नाही. मुलगा म्हणतो, आजीला ई-रीडर घेऊ. जमेल का त्यांना? – एक सून, सांगली

जमेल, पण ते छोटं यंत्र घेऊ नका. ई-रीडरचा ई-इंकचा पडदा कागदासारखा दिसतो, डोळ्यांवर उजेड मारत नाही, एकदा चार्ज केला की कितीतरी दिवस बघावं लागत नाही. सगळं खरं. पण ते सुख धड नजरेच्या माणसाचं. सासूबाईंना हवंय मोठं अक्षर आणि ठसठशीत काळं-पांढरं. सहा इंची पडद्यावर अक्षर त्यांना दिसेल एवढं वाढवलं, की ओळीत जेमतेम तीन शब्द मावतात. मग वाचन राहतं बाजूला, नुसती पानं उलटत बसायचं. त्यापेक्षा दहा इंची साधा टॅब घ्या, काळ्यावर पांढरी अक्षरं लावून द्या आणि तो स्टँडवर ठेवा. हातात धरून मनगट दुखलं की टॅब कपाटात जातो, हे मी आमच्या वाचनालयातल्या बऱ्याच आजी-आजोबांच्या बाबतीत पाहिलंय.

खरी मेख पुढेच आहे. मराठीत ‘ई-पुस्तक’ म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं म्हणजे पानांचे फोटो, स्कॅन केलेली पीडीएफ. ती मोठी केली की ओळ पडद्याबाहेर पळते. प्रत्येक ओळीला बोटाने पान उजवीकडे ओढा, पुन्हा डावीकडे आणा. दुसऱ्या पानावर आजी चष्मा काढून ठेवणार. ई-पब या प्रकारच्या फाइलमध्ये किंवा किंडल या ई-रीडरच्या पुस्तकात तसं होत नाही, अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६पासून मिळतात, बुकगंगा या ऑनलाइन पुस्तकदुकानातही आहेत.

तरी पैसे भरण्याआधी नमुन्याची पानं उतरवून बघाच. आपली जुनी पुस्तकं डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवायच्या सुरुवातीच्या काळात श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये जुळवलेली. त्यांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, आजच्या युनिकोड या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ती अक्षरानंतर येते. घाईघाईत फाइल बदलली की वेलांटी शेजारच्या घरी जाते आणि रफार भलत्याच अक्षरावर चढतो. धडधाकट माणूस अंदाजाने वाचून घेतो, अधू नजरेला तो अंदाज बांधता येत नाही. प्रकाशकांनी मुद्रितशोधनाचे पैसे वाचवायचे आणि भोगायचं वाचकांनी, याचा मला मनस्वी राग आहे.

डोळे फारच थकत असतील तर ऐकवा. स्टोरीटेल हे ऐकायच्या पुस्तकांचं अ‍ॅप २०१७मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी आहे. आपोआप बंद व्हायची वेळ लावून द्यायला विसरू नका, नाहीतर त्या घोरतायत आणि कादंबरी संपतेय. आणखी एक : अंध आणि अधू दृष्टीच्या वाचकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. २०१२च्या दुरुस्तीपासून आपला कॉपीराइट कायदा अशा वाचकांसाठी पुस्तकाचं रूप बदलायला परवानगी देतो. त्यासाठीच्या माराकेश करारालाही भारताने २०१४मध्ये सगळ्या देशांच्या आधी मान्यता दिली. पुस्तकालयाच्या सदस्यत्वासाठी दाखला लागेल, तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मागा. लाजायचं कारण नाही.

मोबाइलवर वाचलेलं डोक्यात राहत नाही. वय झालं का? – एक वाचक, ठाणे

नाही. व्हॉट्सअ‍ॅप झालं. विमान मोड लावा आणि मग वाचा.

विकत घेतलेलं ई-पुस्तक मैत्रिणीला देता येईना. पैसे मोजलेत, मग पुस्तक माझं नाही का? – एक वाचक, पणजी

नाही. तुम्ही वाचायचा परवाना घेतलाय. खरेदीच्या वेळी ‘मान्य आहे’वर बोट ठेवलंत, त्या अटींत ते लिहिलेलं असतं. जुलै २००९मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाची दोन पुस्तकं गिऱ्हाइकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली. ज्याने ती दुकानात ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते म्हणून. त्यांतलं एक होतं ‘१९८४’, म्हणजे सरकार जुना मजकूर गायब करतं तीच कादंबरी! पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी काढलेल्या टिपा तेवढ्या उरल्या, ज्यावर काढल्या तो मजकूर गेला. तो कोर्टात गेला आणि कंपनीला तडजोड करावी लागली.

म्हणून माझा घरचा हिशेब असा : एकदा वाचून सोडायचं ते पडद्यावर, ठेवायचं आणि द्यायचं ते कागदावर. रहस्यकथा, प्रवासात लागणारी पुस्तकं, आवडेल की नाही याची खात्री नसलेले नवे लेखक, सगळे टॅबवर. कवितासंग्रह मात्र कागदावरच घेते, अक्षर मोठं केलं की कवितेची ओळ मधेच तुटते. मैत्रिणीला छापील प्रत द्या. परत येणार नाही, ते वेगळं.

आजोबांच्या पेटीत जुनी पुस्तकं सापडली. स्कॅन करून सगळ्यांना पाठवू का? – एक वाचक, नाशिक

आधी लेखक कधी वारला ते शोधा. त्या सालात ६१ मिळवा, येईल त्या सालच्या १ जानेवारीपासून पुस्तक कॉपीराइटमधून मोकळं. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांनी हयातीत छापलेलं लेखन २०११पासून मोकळं आहे. मरणोत्तर छापलेल्याची साठ वर्षं मात्र प्रकाशनापासून मोजायची. अनुवाद असेल तर अनुवादकाचंही साल बघा. नव्या आवृत्तीची प्रस्तावना आणि चित्रं वेगळ्या माणसाची असतात, ती वगळा.

मोकळं निघालं तर घाई करू नका. जुना कागद पिवळा पडून ठिसूळ झालेला असतो, पुस्तक उताणं दाबलं की शिवण सुटते. नव्वद अंशांपेक्षा जास्त न उघडता एकेक पानाचा फोटो घ्या, उजेड बाजूने येऊ द्या. मग व्हॉट्सअ‍ॅपवर न टाकता मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावर चढवा. तिथे यंत्र अक्षरं ओळखतं, माणसं चुका काढतात आणि फोटोचा मजकूर होतो. जोडाक्षरांत यंत्र हटकून अडखळतं. एखाद्या पुस्तकाचं मुद्रितशोधन तुम्हीच अंगावर घ्या, आणि स्कॅन झालं म्हणून मूळ प्रत रद्दीत घालू नका.