अमेरिकेत मुलाला खेळाच्या जोरावर कॉलेजची स्कॉलरशिप मिळेल, हे धरून चालावं का?

धरून चालू नका. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या साधारण 14 मुलांपैकी एखादाच पुढे एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेच्या, कॉलेज संघात खेळतो. एनसीएए कॉलेजांचे तीन गट करते, त्यांना डिव्हिजन म्हणतात. त्यातही डिव्हिजन 3 ची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. डिव्हिजन 1 आणि 2 मध्ये मिळते, पण बहुतेकांना थोडीफारच.

घोडं अडतं ते बरेचदा अभ्यासात. डिव्हिजन 1 साठी हायस्कूलमधले 16 कोअर कोर्स (इंग्रजी, गणित, विज्ञान अशा मुख्य विषयांचे, एनसीएएने मान्य केलेले) आणि त्यांत किमान 2.3 जीपीए (4 पैकी सरासरी गुणांक) लागतो. शिवाय त्यातले 10 कोर्स बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्या दहांतले 7 इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. अकरावीनंतर हे लक्षात आलं तर फार उशीर होतो, म्हणून नववीतच शाळेच्या समुपदेशकांसोबत मान्य कोर्सची यादी तपासा.

तेराव्या-चौदाव्या वर्षी बारा महिने एकच खेळ मात्र कृपा करून नको. आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याच्या आत ठेवा, एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या. टाच किंवा गुडघ्याखालचा उंचवटा दुखतोय म्हणाला तर वाढत्या हाडावर ताण आलेला असू शकतो. दुखत असताना खेळवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि मॅचनंतर घरी येताना गाडीत चुकांची उजळणी नको, पोरं बहुधा त्यालाच कंटाळतात.