सिंथेसायझर जवळपास नसताना

प्रश्न : ‘व्हाइट नॉइज’ या ब्रिटिश गटाचा ‘ॲन इलेक्ट्रिक स्टॉर्म’ हा १९६९ सालचा सायकेडेलिक (स्वप्नवत, भ्रमाचा अनुभव देणाऱ्या शैलीतला) आल्बम नुकताच ऐकला. त्यातील चमत्कारिक आवाज सिंथेसायझरचे आहेत का? नसल्यास ते कसे काढले असतील? – एक वाचक, सांगली

उत्तर : त्यातील फारच थोडे आवाज सिंथेसायझरचे आहेत. लंडनचा ‘व्हीसीएस-३’ हा छोटा सिंथेसायझर त्याच सुमारास आकाराला येत होता आणि त्याचा या आल्बमला थोडासाच हातभार लागला. बाकी सारी मदार ऑसिलेटर (विजेच्या साह्याने सलग एकसुरी ध्वनी काढणारे उपकरण), मानवी आवाज, नेहमीची वाद्ये आणि ध्वनिफितीची कापाकापी यांच्यावर होती.

गटातील डेव्हिड व्होरहाउस हे विज्ञान शिकलेले डबल बासवादक (डबल बास म्हणजे खर्जातले मोठे तंतुवाद्य) होते, तर डेलिया डर्बीशायर आणि ब्रायन हॉजसन बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिप्रयोगांच्या विभागात नोकरीला होते. रॉन ग्रेनर यांनी रचलेले ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेचे शीर्षकसंगीत डर्बीशायर यांनी १९६३मध्येच एकेक स्वर फितीवर घेऊन, कापून, जोडून साकारले होते, आणि माझ्या मते या आल्बमचा खरा पाया तोच अनुभव आहे.

ही पद्धत विलक्षण चिकाटीची होती. फीत सेकंदाला १५ इंच या वेगाने धावत असेल, तर अर्ध्या सेकंदाच्या स्वरासाठी साडेसात इंचांचा तुकडा मोजून ब्लेडने कापावा लागे आणि तो पुढच्या तुकड्याला चिकटपट्टीने जोडावा लागे. फितीचा वेग दुप्पट केला की तोच स्वर वरच्या सप्तकात जातो; ‘लव्ह विदाउट साउंड’मध्ये ऐकू येणारे व्हायोलिन आणि चेलो म्हणजे वास्तविक व्होरहाउस यांचाच वेग वाढवलेला डबल बास आहे. हे गाणे हेडफोन लावून पुन्हा ऐकावे.

मोटारसायकलच्या अपघातात मरण पावलेला तरुण प्रेयसीकडे परततो, अशी कथा सांगणारे ‘द व्हिजिटेशन’ हे मला या आल्बमचे शिखर वाटते, कारण तेथे प्रत्येक विचित्र आवाजाला कथेत जागा आहे. त्यानंतरचा ‘ब्लॅक मास’ हा शेवटचा तुकडा मात्र, ‘आयलंड रेकॉर्ड्स’ या ध्वनिमुद्रिका कंपनीने आल्बम पुरा करण्याचा तगादा लावल्यावर, ढोलवादन आणि किंकाळ्यांच्या आधारे घाईघाईने उरकलेला आहे. तबकडीच्या पहिल्या बाजूवरील बारीक जोडकाम कानात असताना तो ऐकला, तर दोन्हींमधील फरक लगेच जाणवतो.