कोर्टाचा निकाल डावलून गव्हर्नर जेब बुश यांनी टेरी शायव्होला ताब्यात का घेतलं नाही? भारतात सरकार असं करू शकतं का?

मेंदूला इजा झालेल्या टेरीची अन्न देणारी नळी काढायचा निकाल अमेरिकेतल्या कोर्टानं दिला होता. तिला वाचवायची एवढी तळमळ होती, तर फ्लोरिडा राज्याचे गव्हर्नर बुश यांनी मार्च २००५ मध्ये सरळ पोलीस पाठवून तिला हॉस्पिसमधून, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषा केंद्रातून, का हलवलं नाही, एका जिवापुढे कोर्टाचा कागद मोठा का, असं तुम्ही विचारलंय. मी दिवाणी वकिली करते. त्या कागदात काय होतं, तिथूनच सुरुवात करते.

२५ फेब्रुवारी १९९० ला फ्लोरिडातल्या घरी टेरी कोसळली तेव्हा ती २६ वर्षांची होती. हृदय थांबलं, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. पुढं ती नळीवाटे दिलेल्या अन्नावरच जगली. असं जगणं तिला नकोच होतं, असं नवरा मायकल सांगायचा. ती आम्हाला ओळखते, असं तिचे आईवडील म्हणायचे. तिनं लिहून काहीच ठेवलेलं नव्हतं. मग न्यायाधीश जॉर्ज ग्रीअर यांच्यापुढे साक्षी झाल्या. कुठल्या अंत्यविधीनंतर ती काय बोलली होती, असल्या घरगुती आठवणी तपासल्या गेल्या. तिला स्वतःला ही नळी नको असती, हे खात्रीलायक पुराव्यानं सिद्ध झालं, असा निकाल फेब्रुवारी २००० मध्ये लागला आणि तो अपिलातही टिकला. तिचं जगणं मोलाचं की नाही, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच. तिची इच्छा काय, एवढंच ठरवायचं होतं. हे नजरेआड करून लोक त्या न्यायाधीशाला मारेकरी म्हणतात, याचा मला फार त्रास होतो.

गव्हर्नरनं हस्तक्षेप केला नाही असंही नाही. १५ ऑक्टोबर २००३ ला नळी काढली आणि २१ तारखेला राज्याच्या विधिमंडळानं खास कायदा केला. लोक त्याला ‘टेरीचा कायदा’ म्हणतात. अशा रुग्णाचं अन्नपाणी बंद करण्याला एकदा स्थगिती देण्याचा अधिकार त्यानं गव्हर्नरला दिला. अटी अशा घातल्या होत्या की त्यात जवळपास टेरीच बसावी, आणि अधिकाराची मुदत फक्त १५ दिवस. बुश यांनी त्याच दिवशी आदेश काढला. नळी परत बसवली.

तो कायदा वाचताना माझं मन एका जागी अडकतं. रुग्णाची इच्छा काय होती हे गव्हर्नरनं पाहिलंच पाहिजे, असं त्यात कुठंही नाही. स्थगिती द्यायची की नाही, उठवायची कधी, सगळं त्यांच्या मर्जीवर. माझ्या मामांच्या शेवटच्या दिवसांत नाकातल्या नळीवरून त्यांच्या मुला-मुलीत असाच वाद झाला होता. दादा म्हणे काढा, ताई म्हणे राहू दे. दोघांचीही माया खरी होती. मामा स्वतः काय म्हणाले होते, हे मात्र मामींना विचारेपर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणून टेरीच्या आईवडिलांबद्दल माझ्या मनात जराही राग नाही.

२३ सप्टेंबर २००४ ला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयानं सातही न्यायाधीशांच्या एकमतानं तो कायदा रद्द केला. एक तर अंतिम झालेला निकाल विधिमंडळ आणि गव्हर्नर मिळून पुसत होते. दुसरं, कसलाही निकष न देता गव्हर्नरच्या हाती कोरा अधिकार सोपवला होता. दिवाणी कोर्टात निकाल हाती पडूनही दरखास्तीत, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीसाठी, माणसं वर्षानुवर्षं खेटे घालतात. त्यानंतरही सरकारनं एका पक्षकारापुरता कायदा करून निकाल उलटवला, तर पुन्हा कोर्टाची पायरी कोण आणि कशासाठी चढेल?

१८ मार्च २००५ ला नळी पुन्हा काढली. अमेरिकी काँग्रेसनं घाईनं कायदा केला, अध्यक्ष जॉर्ज बुश (जेब यांचे भाऊ) यांनी २१ मार्चला मध्यरात्रीनंतर त्यावर सही केली, पण त्यानं केवळ फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टाचं दार उघडलं. त्या कोर्टानंही नळी बसवायला नकार दिला. मग राज्याच्या एका खात्यामार्फत टेरीला ताब्यात घेण्याची हालचाल झाली. ग्रीअर यांनी त्या हालचालीला मनाई केली आणि मनाई पाळली जाईल हे पाहण्याचा हुकूम शेरीफांना, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखांना, दिला. पोलीस पाठवले असते तर राज्याचे शिपाई आणि स्थानिक पोलीस तिच्या खाटेजवळ समोरासमोर उभे राहिले असते. कोर्टाचा आदेश मोडण्याचा अधिकार मला नाही, असं जेब बुश यांनी जाहीर सांगितलं. त्यांच्या आधीच्या पावलांवर माझा आक्षेप आहे, पण त्या दिवशी ते थांबले याचं मोल मी कमी लेखणार नाही. ३१ मार्चला टेरी गेली.

आता आपल्याकडचं. १९९१ मध्ये कावेरी पाणीवाटप लवादाचा अंतरिम आदेश निष्प्रभ करायला कर्नाटकानं वटहुकूम काढला होता, आणि न्यायदानाच्या अधिकारावर अतिक्रमण म्हणून सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. सर्वांसाठी नवा कायदा करता येतो. दोन पक्षांमधला लागलेला निकाल नुसता रद्द म्हणून जाहीर करता येत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं निपचित पडून असलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली, अशा रुग्णाचे जगवणारे उपचार थांबवायला उच्च न्यायालयाची परवानगी सक्तीची झाली होती. २०१८ च्या घटनापीठानं ती अट काढली, मरणपूर्व वैद्यकीय इच्छापत्राला (अशा वेळी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येईल अशी सोय झाली. निर्णय दोन वैद्यकीय मंडळं घेतात, दंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं. स्थगिती द्यायला मंत्रालय यात कुठंच नाही. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतः असं इच्छापत्र केलं. माझंही तयार आहे, एक प्रत मुलाकडे दिली आहे, आणि त्यात काय लिहिलंय ते त्याला समोर बसवून वाचून दाखवलंय.