धुराची गाडी कधी येणार?

(पावसाळी आजारांवर आलेल्या पत्रांना नाशिकच्या एका माजी नगरसेविकेची उत्तरं)

प्रश्न : ताई, आमच्या गल्लीत चार घरांत डेंग्यू झालाय. धुराची गाडी महिनाभरात फिरकलेली नाही. तुम्ही होतात तेव्हा एका फोनवर यायची. आता सांगायचं कुणाला? – गृहिणी, सिडको

एका फोनवर यायची हे खरं. त्यात माझा स्वार्थ होता हेही आता सांगून टाकते. २०१७ ते २०२२ अशी पाच वर्षं मी महापालिकेत होते. धुराचं मशीन गल्लीत शिरलं की फटफट आवाज होतो, पोरं मागे धावतात, बायका दारात येतात आणि ‘ताईंनी पाठवलं’ हे न सांगता सगळ्यांना कळतं. चेंबरचं फुटकं झाकण बदललं तर कुत्रंही बघत नाही. म्हणून आम्ही सगळेच मशीन मागायचो, पक्ष कुठलाही असो.

पण धुरानं मरतो तो उडणारा डास, तोही त्या वेळी बाहेर असला तर. डेंग्यूचा डास घरात बसतो, पलंगाखाली, कपाटामागे, दोरीवरच्या कपड्यांत. आणि गाडी आली की आपण काय करतो? दारं-खिडक्या लावून घेतो. मीही लावायचे. म्हणजे धूर बाहेर आणि डास आत. शिवाय पाण्यातल्या अळ्यांना धुराचं काहीच होत नाही. आज धूर मारला तरी परवा नवे डास तयार.

एकदा मलेरिया विभागाच्या एका कर्मचाऱ्याबरोबर मी सकाळभर तुमच्याच सिडकोतली घरं फिरले. सिडको महामंडळानं सहा योजनांत बांधलेली ती छोटी घरं, आणि एकही घर असं नाही की जिथे पाण्याचं पिंप नाही. एका आजींनी ठासून सांगितलं, “काल भरलंय पाणी, ताजं आहे.” त्या माणसानं टॉर्च मारला. मी वाकले तर म्हणाला, “ताई, सावली पाडू नका, खाली पळतात.” मागे सरकून उभी राहिले. मिनिटभरानं अळ्या एकेक वळवळत वर आल्या, शेपटीकडचं टोक पाण्याच्या वर काढून श्वास घ्यायला. पिंपात पन्नासेक तरी असतील.

आजी खोटं बोलत नव्हत्या. पाणी काल भरलं होतं, पण पिंप कधीच रिकामं केलं नव्हतं. निम्मं झालं की वरून भरायचं. हा डास अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या भिंतीला चिकटवून. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून काथ्यानं घासायला लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा. ‘कोरडा दिवस’ म्हणतात तो हाच. लोकांना वाटतं पालिकेनं पाणी बंद ठेवायचा दिवस!

आता सांगायचं कुणाला? सिडको विभागीय कार्यालयात मलेरिया विभागाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात धूर मागू नका. ‘रुग्णांच्या घरांभोवती घरोघर पाहणी करून अळ्या नष्ट करा’ असं लिहा. शेजारी नवं बांधकाम असेल तर त्याचा पत्ता आवर्जून टाका. लिफ्टच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यात मी जेवढ्या अळ्या बघितल्या, तेवढ्या गल्लीतल्या सगळ्या पिंपांत मिळून नसतील. तिथे औषध नाहीतर अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायला लावा.

प्रश्न : मुलाला खासगी दवाखान्यात ‘डेंग्यू पॉझिटिव्ह’ सांगितलं. पालिकेच्या माणसानं मात्र ‘संशयित’ लिहून नेलं. आकडा लपवतात का? – नोकरदार, इंदिरानगर

लपवाछपवी कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही, पण इथे कारण वेगळं असणार. दवाखान्यात बहुतेक वेळा कार्डवरची झटपट चाचणी होते. सरकार डेंग्यू धरतं तो एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीवर. ताप आल्यावर पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन (विषाणूचा अंश शोधणारी) आणि नंतर आयजीएम (त्याच्याशी लढायला शरीरानं केलेली प्रतिपिंडं शोधणारी), असा तो हिशेब आहे. नमुना सरकारने नेमलेल्या प्रयोगशाळेत जाईपर्यंत तुमचा मुलगा कागदावर संशयितच. पेपरातला आकडा आणि दवाखान्यातली गर्दी यांचा मेळ बसत नाही तो यामुळेही.

मात्र संशयित रुग्णाच्या घराभोवतीही पाहणी व्हायला हवी. ती झाली का, हे विचारा. आकड्यावर भांडण्यापेक्षा तिथे भांडलेलं बरं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगते. मी डॉक्टर नाही, आमच्या भागातल्या डॉक्टरांच्या बैठका ऐकून हे पाठ झालंय. ताप उतरला की आईबाप सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमके तेच एक-दोन दिवस सांभाळायचे असतात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल पडणं किंवा किरकिरं होणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. तापाला पॅरासिटॅमॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. मेडिकलवरून अंगदुखीची गोळी आणून देऊ नका. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मुलाला पाणी, पेज, ताक पाजत राहा. डेंग्यूवर उपाय म्हणून लोक आणतात त्या किवीचा या दिवसांतला भाव बघून मात्र मला फळवाल्यांचा हेवा वाटतो.

प्रश्न : गोदावरीतल्या पाणवेलींमुळे डेंग्यू पसरतोय. त्या कधी काढणार? – ज्येष्ठ नागरिक, टाकळी रोड

काका, पाणवेली काढायलाच हव्यात, पण डेंग्यूचं खापर त्यांच्यावर नको. नदीत, गटारात वाढतो तो क्यूलेक्स जातीचा डास, रात्री चावणारा. हत्तीरोग पसरवतो तो. डेंग्यूवाल्याला स्वच्छ पाणी लागतं आणि तो दिवसा चावतो. नदीकाठी संध्याकाळी फोडून खातात ते क्यूलेक्सच.

पाणवेल वाढते ती सांडपाण्यावर. तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक इथे मलजल शुद्धीकरण केंद्रं आहेत, पण नाल्यांतून थेट नदीत उतरणारं पाणी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तोवर वेल काढणं म्हणजे नखं कापणं, पुन्हा वाढायचीच. नासर्डी नदीचं नाव नंदिनी केलं, पण पुलावर नाकाला रुमाल लावावाच लागतो. आणि २०२७ च्या सिंहस्थातली मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत, म्हणजे ऐन डेंग्यूच्या मोसमात. एवढी माणसं, एवढे तंबू, एवढी पिंपं! घाटांच्या फरशांइतकीच चर्चा या पिंपांची व्हावी असं मला वाटतं.

प्रश्न : सकाळी नळाला आधी गढूळ पाणी येतं. प्यावं का? – जुने नाशिक

नाही. धरण गंगापूर असो की मुकणे, पाणी केंद्रातून शुद्ध होऊनच निघतं. घाण शिरते ती वाटेत. तुमच्याकडे वाड्यांच्या जुन्या जोडण्या गटाराला लागून गेल्यात. त्यात कुणी नळाला थेट मोटार लावली की नळी ओढायला लागते, आणि जिथे फट असेल तिथलं गटाराचं पाणी आत येतं. मोटारवाल्याला वाटतं आपल्याला जास्त पाणी मिळालं. काय मिळालं ते त्याच्या पोटाला कळतं.

पाणीपुरवठ्याच्या माणसाला क्लोरीन तपासायला सांगा. छोट्या नळीत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे दोन-चार थेंब टाकतात. पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, रंग आलाच नाही तर नाही. तक्रार करताना ‘पाणी खराब’ एवढंच न लिहिता हा निकाल लिहा. तोवर उकळून प्या.

प्रश्न : लोकांना शहाणपण शिकवता, पण तुमच्याच घरी अळ्या सापडल्या होत्या ना? – एक मतदार (तुम्हाला मत न दिलेला)

सापडल्या होत्या. मी नगरसेविका असतानाच. पाहणीवाला मुलगा नवा होता, कुणाचं घर ते त्याला माहीत नव्हतं. पिंप, कुंड्या, कूलर सगळं बघितलं. मी जरा ऐटीतच उभी होते. मग म्हणाला, “मॅडम, फ्रिज पुढे ओढा.” मागच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी आणि त्यात वळवळ. तो ट्रे निघतो हेच मला माहीत नव्हतं. त्यानं पावतीबुक काढलं, “नोटीस कुणाच्या नावानं?” मी नाव सांगितलं, तेव्हा तो थबकला. म्हटलं, लिही बाबा, स्पेलिंग चुकवू नकोस. संध्याकाळपर्यंत त्या नोटिशीचा फोटो विरोधकांच्या मोबाइलवर होता.

ती नोटीस अजून त्याच फ्रिजवर चुंबकाखाली आहे. दर शनिवारी ट्रे काढायचं काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलंय. आमचा झाला की त्या शेजाऱ्यांकडे जातात, टॉर्च घेऊन. मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी त्यांना बघून दार उघडलंच नाही.