वाचक विचारतात : कोऱ्या डेकचा स्केटबोर्ड

प्रश्न : मुलीसाठी सव्वाआठ इंच रुंदीचा कोरा मेपल डेक (स्केटबोर्डची लाकडी फळी) आणला आहे. खालच्या बाजूचं चित्र तिला स्वतः रंगवायचंय. रंग कोणता घ्यावा? पावसाळा संपेपर्यंत थांबावं का?
— एक पालक, चिपळूण

उत्तर : चित्रासाठी थांबू नका. वरचा पारदर्शक लॅकरचा हात मात्र चांगली उघडीप मिळेल त्या दिवसासाठी राखून ठेवा. दमट हवेत स्प्रे मारला की द्रावक भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि थर दुधाळ होतो.

डेकला बहुधा कारखान्यातच पातळ लॅकर दिलेलं असतं. त्यावर रंग नीट धरत नाही, म्हणून आधी १२० नंबरचा आणि मग २२० नंबरचा पॉलिशपेपर लांबीच्या दिशेने फिरवा. फक्त चमक घालवायची आहे. सात थरांतला प्रत्येक थर जेमतेम दीड मिलिमीटरचा असतो, त्यामुळे मशीन लावलं तर कडेला खालचा थर बघता बघता उघडा पडतो. धूळ कोरड्या फडक्याने पुसा. ओल्या फडक्याने लाकडाचे तंतू उभे राहतात. स्क्रूच्या आठ भोकांत मास्किंग टेपच्या सुरळ्या खोचा. वरच्या बाजूला रंग जाऊ देऊ नका, तिथे ग्रिपटेप (पाय घसरू नये म्हणून लावायची खरखरीत चिकटपट्टी) बसायची आहे.

मग पांढऱ्या अॅक्रिलिक प्रायमरचे दोन पातळ हात, वाळल्यावर ३२० नंबरने हलकं घासणं, आणि त्यावर चित्र. अॅक्रिलिक रंग किंवा अॅक्रिलिक पेंट मार्कर घ्या. साधे स्पिरिटचे मार्कर वरून लॅकर पडलं की पसरतात. स्प्रे वापरणार असाल तर डबा २५-३० सेंटिमीटरवर धरा, फवारा डेकच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. ओघळ येतो तो हात डेकवर थांबल्यामुळे. लॅकरचा पहिला हात नुसता धुक्यासारखा द्या, मग १०-१५ मिनिटांच्या अंतराने तीन पातळ हात. कडा विसरू नका. सातही थरांची टोकं तिथे उघडी असतात आणि पाणी तिथूनच शिरतं. ट्रक (चाकं धरणारा, वळणारा धातूचा सांगाडा) बसवण्याआधी निदान २४ तास, पावसाळ्यात ४८ तास जाऊ द्या, नाहीतर बेसप्लेट, म्हणजे ट्रकचा डेकला टेकणारा भाग, कच्च्या थराला चिकटते.

मुलीला एक आधीच सांगून ठेवा : ट्रकखाली जाणाऱ्या दोन जागांवर चेहरे-अक्षरं काढू नकोस. आणि ती रेलवर (लोखंडी कठड्यावर) बोर्ड घसरवायला लागली की मधलं चित्र खरवडणारच. जाड थर दिला म्हणून ते वाचत नाही, सोलपटं तेवढी मोठी निघतात.

प्रश्न : डेक सुताराकडून साध्या प्लायचा करून घेतला तर?
— नाशिक

उत्तर : भिंतीवर टांगायला हरकत नाही. बाजारच्या प्लायमध्ये एकाआड एक थर आडवा असतो. स्केटबोर्डच्या सात थरांपैकी पाच लांबीच्या दिशेने आणि फक्त तिसरा-पाचवा आडवा ठेवतात, शिवाय साच्यात दाबून त्यांना खोलगटपणा आणि टोकांना उठाव देतात. सपाट प्लायला टेल, म्हणजे उचललेलं मागचं टोक, नसते. नुसतं टोक वर जोडलं तर पहिल्या उडीला जोडातून तुटतं.

प्रश्न : ग्रिपटेपखाली हवेचे फुगे राहिले आणि कडा उचलली जातेय.
— ठाणे

उत्तर : फुगा सुईने टोचून अंगठ्याने दाबा, बसेल. पुढच्या वेळी पूर्ण कागद एकदम सोलू नका; मध्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे तळहाताने दाबत जा. कडा उचलली जाते ती बहुतेक घासायची राहिल्यामुळे. टेप कापण्याआधी स्क्रूड्रायव्हरची दांडी डेकच्या कडेवर तिरकी धरून जोरात घासा, पांढरी रेघ उमटली पाहिजे. त्या रेघेवर नवं ब्लेड खालच्या बाजूने तिरकं चालवा आणि उरलेल्या तुकड्याने कडा घासून गोल करा. जुनं ब्लेड वापरलंत तर टेप फाटत जाते.

प्रश्न : जोडणी केली, पण उजवीकडे झुकलं की बोर्ड डावीकडे जातो. जोरात झुकलं तर चाक डेकला लागून एकदम थांबतं.
— कोल्हापूर

उत्तर : दोन्ही ट्रक उलटे बसलेत. किंगपिन, म्हणजे मधला जाड तिरका बोल्ट, दोन्हीकडे आतल्या बाजूला, एकमेकांसमोर हवा. चाक लागणं हा वेगळा दोष आहे. आधी किंगपिनचा नट अर्धा आटा आवळून पाहा. चाकं ५६ मिलिमीटरपेक्षा मोठी असतील तर ट्रकखाली ३ मिलिमीटरचे रायझर पॅड (डेक आणि ट्रकमधल्या चकत्या) घाला, आणि मग एक इंची नाही, सव्वा इंची स्क्रू लागतील. स्क्रू समोरासमोरच्या तिरक्या जोडीने आवळा, डोकं टेपशी सपाट झालं की थांबा.

पाने इंची लागतात. स्क्रूच्या ३/८ नटाला १० चा आणि एक्सलच्या १/२ नटाला १३ चा पाना चालून जातो. किंगपिनचा ९/१६ नट मात्र घरातल्या १४-१५ च्या पान्याने खराब होतो : १४ चढत नाही, १५ घसरतो.

प्रश्न : बेअरिंग बाहेरून मागवावी लागतात का?
— सोलापूर

उत्तर : नाही. ६०८ नंबर सांगा : भोक ८, बाहेरचा व्यास २२, जाडी ७ मिलिमीटर. बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळेल. आठ घ्या, प्रत्येक चाकात दोन, आणि मध्ये स्पेसर (दोन बेअरिंगांमधली छोटी नळी) घालाच. स्पेसर नसेल तर एक्सलचा नट आवळताना बाजूने दाब येऊन चाक जड फिरतं. नट पूर्ण आवळून पाव आटा सोडा. चाक किंचित हललं पाहिजे. गंज सोडवायचा स्प्रे वंगण म्हणून मारू नका, तो आतलं ग्रीस धुऊन नेतो.