सरांच्या मागे राहिलेली ट्रंक

प्राध्यापक संघटनेत हयात घालवलेल्या दिवंगत सरांसाठी काहीतरी करायचं आहे, पण नेमकं काय आणि कसं, असं विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचे सर जिल्हा संघटनेचे अनेक वर्षं सचिव होते. त्यांच्या घरी पत्र्याची एक ट्रंक आणि तीन गोण्या भरून कागद आहेत. परिपत्रकं, इतिवृत्तं, फॅक्स, काही कॅसेटीही. घरच्यांना महिन्याभरात खोली मोकळी करायची आहे. काय ठेवावं, काय रद्दीत द्यावं? (सांगली)

महिन्याभरात फक्त जागा बदला. निवड करू नका. संघटनेचे कागद चाळताना "हे महत्त्वाचं, हे किरकोळ" असं ठरवण्याचा मोह होतो आणि नेमके किरकोळ वाटणारे कागद जातात. वर्गणीची पावतीपुस्तकं, सभेच्या हजेरीच्या सह्या, एसटीच्या तिकिटांसह लावलेलं प्रवासखर्चाचं बिल, असे कागद. कोणत्या कॉलेजातून कोण येत होतं आणि कोणत्या वर्षी येणं थांबलं, हे इतिवृत्तात नसतं. ते त्या सह्यांत असतं.

ट्रंकेतला क्रम मोडू नका. सरांनी एका दोऱ्यात बांधलेला गठ्ठा तसाच एका खोक्यात घाला आणि वर पेन्सिलीने "ट्रंक, गठ्ठा ३" असं लिहा. तारखेनुसार लावायचं काम संगणकावरच्या यादीत होतं, त्यासाठी कागद हलवावे लागत नाहीत.

मग गंज. टाचण्या, युपिना, स्टेपल ओढून काढू नका, कागद फाटतो. मागचे दोन्ही पाय बोथट पातळ पातीने सरळ करा आणि पिन समोरून अलगद उचला. त्या जागी सुती दोरा किंवा दुमडलेला कोरा कागद पुरतो. सेलोटेप लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरं खातो. आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. ते पुन्हा निघत नाही आणि आतला आम्लधर्मी कागद आतल्या आत पिवळा पडत राहतो.

सर्वांत आधी हात लावायचा तो फॅक्सना. नव्वदीच्या दशकात महासंघाच्या, म्हणजे राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या शिखर संघटनेच्या, हाका फॅक्सने यायच्या आणि गुळगुळीत थर्मल कागदावर उमटायच्या. हा कागद उष्णतेने काळा पडतो, उजेडाने आणि प्लास्टिकच्या संगतीने कोरा होतो. इस्त्री फिरवून सरळ करायला गेलात तर पान काळं ठिक्कर. त्यांचे फोटो किंवा स्कॅन पहिल्याच आठवड्यात करा. झेरॉक्सची भानगड वेगळी आहे. स्वस्त पीव्हीसी फोल्डरमध्ये ठेवल्या की शाई फोल्डरला चिकटते आणि मजकूर उलटा प्लास्टिकवर उतरतो. कागदी पाकिटं वापरा.

स्कॅन रंगीत करा, ३०० डीपीआयने. सायक्लोस्टाइलची फिकट पानं असतील तर ४०० ठेवा. कृष्णधवल केलंत तर समासातली पेन्सिल आणि लाल शाईतला शेरा जातो, आणि सरांचं मत बहुतेक वेळा त्या शेऱ्यातच असतं. फाइलचं नाव तारखेने सुरू करा, १९८७-०८-१४-परिपत्रक असं, म्हणजे यादी आपोआप लागते. तारीख नसेल तर अंदाजाने घालू नका, "तारीख नाही" लिहा. प्रती तीन ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या गावात.

कॅसेटीच्या वरच्या कडेला दोन चिमुकल्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या आधी तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी भाषण पुसलं जात नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका. ती यंत्राच्या हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागते.

कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, दिसली तर खोकी इतर पुस्तकांपासून वेगळी ठेवा. डांबरगोळ्यांनी कीड हटेलच असं नाही, वास मात्र कागदाला कायमचा लागतो. ओलसर कागद सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात वाळवा, उन्हात नाही.

शेवटचं, पण विसरू नये असं. ट्रंकेत सहकाऱ्यांच्या तक्रारी, चौकशीचे अहवाल, कुणाच्या आजारपणाची कागदपत्रं निघतील. सरांवर विश्वास ठेवून दिलेले ते कागद आहेत. वेगळ्या पाकिटात सीलबंद करा, यादीत नोंद ठेवा, नेटवर चढवू नका.

प्रश्न : स्मरणिकेसाठी सरांवर मुख्य लेख लिहायचा आहे. "सरांनी २०१३ चा संप यशस्वी केला आणि नेट-सेटचा प्रश्न सोडवला" असं पहिलंच वाक्य आहे. मसुदा वाचून दोन ज्येष्ठ प्राध्यापक नाराज झाले. काय चुकलं? (अमरावती)

वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही तपशिलाच्या आहेत.

एक म्हणजे ४ फेब्रुवारी ते १० मे २०१३ हे आंदोलन परीक्षेच्या कामावरचा बहिष्कार होतं. प्राध्यापक कॉलेजात येत होते, परीक्षांना हात लावत नव्हते. सरकारने तरीही ७१ दिवसांचं वेतन रोखलं. "आम्ही कामावर होतो" हाच तर प्राध्यापकांचा त्या वादातला मुद्दा होता, आणि पुढे तो न्यायालयात गेला. तुम्ही "संप" लिहिता तेव्हा नकळत समोरच्याची बाजू मान्य करता. त्या ७१ दिवसांत ज्यांनी घरचा हप्ता चुकवला, त्यांना हा शब्द टोचणारच.

दुसरी गोष्ट, नेट-सेटचा, म्हणजे अध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांचा, प्रश्न सुटला म्हणणं घाईचं आहे. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट नसताना नेमले गेलेले अध्यापक हा त्या वादाचा गाभा. २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने त्यांच्या सेवेला मान्यता दिली, पण ती निर्णयाच्या तारखेपासून, मूळ नेमणुकीपासून नव्हे. जुनी निवृत्तिवेतन योजना १ नोव्हेंबर २००५ च्या आधी सेवेत आलेल्यांना. आता हिशेब मांडून बघा. माणूस १९९४ पासून शिकवतोय, पण कागदावर त्याची सेवा २०१३ ला सुरू होते. म्हणजे मागची बढती गेलीच, पेन्शनही धोक्यात आली. म्हणूनच त्यातले कित्येकजण वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले. अशा माणसाच्या हातात "प्रश्न सोडवला" लिहिलेली स्मरणिका द्याल तर तो ती मिटूनच ठेवेल.

लेख लिहिण्याआधी एक कोष्टक करा. तीन रकाने, मागणी, पुरावा आणि निकाल. पुरावा म्हणजे शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख. अलीकडच्या शासन निर्णयांवर अठरा अंकी संगणक संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ अंक वर्ष-महिना-दिवस असे असतात. त्यावरून तारीख पडताळता येते. सातव्या वेतन आयोगाचा अध्यापकांसाठीचा निर्णय ८ मार्च २०१९ चा आहे. लेखांमध्ये तो सर्रास २०१६ चा म्हणून छापला जातो, कारण वेतनश्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. लागू होण्याची तारीख आणि निघण्याची तारीख यांमधल्या तीन वर्षांतच तर संघटनेचं काम झालेलं असतं.

विदर्भातले असाल तर तिथल्या प्राध्यापक संघटनेच्या "नुटा बुलेटिन"चे जुने अंक धुंडाळा. मुंबईतली प्राध्यापक संघटना बुक्टू, कोल्हापूर-सांगलीकडची सुटा, आणि सगळ्यांच्या वर राज्याचा महासंघ एमफुक्टो. प्रत्येकीचं दप्तर आणि बाज वेगळा. सर विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) निवडून आलेले असतील तर विद्यापीठाकडे अधिसभेची इतिवृत्तं मागा. त्यात सरांचे प्रश्न आणि प्रशासनाची लेखी उत्तरं सापडतील.

आणखी एक बारीक गोष्ट. "सरांनी केलं" या क्रियापदाला जपून वापरा. निवेदनावर सही कुणाची, मसुदा कुणाचा, रात्री सायक्लोस्टाइलचं स्टेन्सिल कापलं कुणी, हे सरांच्या जुन्या कागदांत दिसेल. एकजुटीवर आयुष्यभर बोललेल्या माणसाच्या लेखात बाकी नावंच नसतील तर तो लेख त्यांच्यावरचा वाटत नाही.

प्रश्न : सर नेहमी करंझाळ्याच्या एका शाळेचा खटला सांगायचे आणि "आपण कामगार नाही, म्हणून एकत्र राहावं लागतं" म्हणायचे. हा खटला काय होता? (फोंडा)

ए. सुंदरम्बाळ विरुद्ध गोवा, दमण आणि दीव सरकार, सर्वोच्च न्यायालय, १९८८. एका शिक्षिकेला शाळेने सेवेतून काढलं. तिने औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. सरकारने वाद कामगार न्यायालयाकडे पाठवायला नकार दिला, कारण शिक्षक हा त्या कायद्यातल्या व्याख्येत बसत नाही. न्यायालयाने तेच उचलून धरलं. १९७८ च्या बेंगळुरू पाणीपुरवठा खटल्यापासून शिक्षणसंस्था "उद्योग" ठरली होती, पण तिथे शिकवणारा मात्र "कामगार" ठरला नाही. शिकवणं हे कारकुनी, अंगमेहनतीचं किंवा तांत्रिक काम नव्हे, असा तर्क.

याचा व्यवहारातला अर्थ असा की काढून टाकलेल्या प्राध्यापकाला कामगार न्यायालयाचं दार बंद. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजात त्याला विद्यापीठ आणि महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करावं लागतं, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. सर्वांत जास्त प्रकरणं इथेच बिघडतात. व्यवस्थापन "बघू, समजुतीने घेऊ" म्हणत महिना काढतं आणि मुदत उलटते. तोंडी काढलं असेल तर त्याच दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने "मला आज कामावर घेतलं नाही" एवढं पत्र पाठवून पोचपावती जपून ठेवावी. सामंजस्याने बोलणं चालू ठेवा, अपील मात्र दाखल करून.

प्रश्न : स्मृतिनिधीत ४ लाख जमले आहेत, पैसे सध्या एका सहकाऱ्याच्या बचत खात्यात आहेत. दरवर्षी व्याख्यान ठेवायचं आहे. (ठाणे)

आधी पैसे त्या खात्यातून काढा. व्याज त्या सहकाऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातंय, आणि उद्या त्याला काही झालं तर रक्कम त्याच्या वारसांच्या हिशेबात जाईल. भांडण नको असेल तर या महिन्यातच हलवा.

४ लाखांसाठी नवा न्यास काढू नका. धर्मादाय कार्यालयातली नोंदणी, दरवर्षीचं लेखापरीक्षण, बदल अर्ज यांत व्याज संपेल. संघटना सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर कार्यकारिणीचा ठराव करून हीच रक्कम वेगळ्या नावाची कायम ठेव म्हणून स्वीकारायला सांगा. संघटना ट्रेड युनियन म्हणून नोंदलेली असेल तर गोष्ट निराळी. तिच्या सर्वसाधारण निधीतून कशावर खर्च करायचा हे कायद्यानेच बांधलंय, आणि देणगीदारांना आयकरातली सवलतही मिळत नाही. मग कॉलेजकडे किंवा विद्यापीठाकडे देणगी ठेव हा मार्ग बरा. जिथे सवलत मिळते तिथेही रोखीच्या २,००० रुपयांवरच्या देणगीला ती नाही, एवढं देणगीदारांना सांगा.

हिशेब असा. साडेसहा टक्क्यांनी ४ लाखांवर वर्षाला २६,००० रुपये. त्यातला पाचवा हिस्सा, ५,२०० रुपये, ठेवीत परत घाला, नाहीतर दहा वर्षांत व्याख्यानाचं चहापान होईल. उरले २०,८००. वक्त्याचा प्रवास आणि मुक्काम साडेसहा हजार, मानधन पाच हजार, भाषणाच्या पुस्तिकेच्या २०० प्रती तीस रुपयांप्रमाणे सहा हजार, शंभर माणसांचा चहा-नाश्ता दोन हजार. हाती १,३०० उरतात. सभागृह कॉलेजचं फुकट मिळालं तरच हे जमतं.

अटींच्या कागदात रकमेचा आकडा लिहू नका. "व्याजाच्या ऐंशी टक्के" असं लिहा. कॉलेजांच्या फलकांवर अजूनही "रु. ५१ चे पारितोषिक" दिसतं, ते याच चुकीमुळे.

सर स्वतः न्यासाचे विश्वस्त किंवा खात्याचे सहीदार होते का, तेही तपासा. विश्वस्त बदलाचा अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो राहिला की परिशिष्ट एकवर, म्हणजे न्यासाच्या सरकारी नोंदीत, सरांचंच नाव राहतं आणि बँक नवीन सह्या घेत नाही.

प्रश्न : शोकसभा दोन तास लांबते आणि शेवटी कुणी ऐकत नाही. काही तोडगा? (नाशिक)

सात वक्ते, प्रत्येकी सात मिनिटं. प्राचार्य आणि आमदार यांना मधे घ्या, पहिलं आणि शेवटचं भाषण नको. शिक्षकेतर कर्मचारी एक, तासिका तत्त्वावरचा अध्यापक एक, आणि ज्याची नोकरी सरांनी लढून वाचवली असा एकजण, त्याची तयारी असेल तरच. ध्वनिमुद्रण माइकच्या मिक्सरवरून घ्या, फोन टेबलावर ठेवून नव्हे, नाहीतर पंख्याचीच नोंद होते.

दाराशी वही ठेवा. नाव, कॉलेज, कोणत्या वर्षापासून सरांना ओळखता आणि फोन, एवढे चार रकाने. सभा संपल्यावर सगळ्यांत जुनं साल लिहिलेल्या पाचजणांना त्याच आठवड्यात फोन करा आणि मुलाखतीची वेळ ठरवा.