विंडोज ११ टाकल्यापासून स्पीकरमधून खरखर येते. निपाणीत दुकानदार म्हणतो स्पीकर बदला. बदलू का?

लगेच बदलू नका, अपग्रेडनंतरच खरखर सुरू झाली असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला साउंडचं हार्डवेअर चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा घोळ असतो. बेळगावात दुरुस्तीचं काम करतो, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून ही तक्रार रोजचीच झालीय. आधी सेटिंग्ज, सिस्टिम, साउंडमध्ये आपला स्पीकर उघडून 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा आणि फॉरमॅट २४ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवून बघा. फरक पडला नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या हार्डवेअरची यादी) साउंडच्या खाली असलेलं नाव वाचा. तिथं नुसतं 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' दिसलं तर विंडोजनं स्वतःचा साधा ड्रायव्हर बसवलाय. लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल बघून मूळचा ड्रायव्हर घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून फुकट मिळतात त्या भानगडीत पडू नका.

फक्त एक, आवाज खरखरीऐवजी एकसारखा घूंऽऽ असा असेल आणि लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर थांबत असेल, तर विंडोजचा काही संबंध नाही. तो अर्थिंगचा दोष. आपल्याकडच्या जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण मागं अर्थिंगची वायरच जोडलेली नसते. वायरमनला दाखवा.